प्रॅक्टिकलचा रकाना

प्रॅक्टिकल थांबवायला इनामदार स्वतः खाणीपर्यंत चालत आले.

सकाळचे साडेदहा वाजले होते. मी दोर उलगडून ठेवले होते. पत्र्याची होडी काठाला बांधली होती. अठरा कामगार सुबाभळीच्या सावलीत बसून लाइफ जॅकेटचे पट्टे एकमेकांना लावून बघत होते. इनामदार हे कंपनीचे सेफ्टी ऑफिसर. नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. हेल्मेट काखेत धरून ते म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना आत न्यावं लागेल. कस्टमरचं उद्याचं ऑडिट आज आलंय. पाहुण्यांचा प्लँट राउंड इथूनच जाणार. पाण्याकाठी एवढी माणसं दिसली तर शंभर प्रश्न विचारतील."

मी म्हटलं, विचारू देत, मी उत्तरं देईन. ते हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिवस देतो, गाडी पाठवतो, आज हॉलमध्ये उरकून घ्या, असं त्यांचं म्हणणं. मी दहा मिनिटं मागितली. निदान बांबू तेवढा दाखवू द्या म्हटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. तोवर मुकादम दत्ताने माणसं उठवायला सुरुवातही केली होती.

माझं काम थोडक्यात सांगते. मी वनस्पतीशास्त्र शिकले. काही वर्षं कॉलेजात तासिकेवर शिकवलं आणि मग चिंचवडच्या एका लहानशा ट्रेनिंग संस्थेत लागले. आम्ही कंपन्यांच्या, सोसायट्यांच्या, बागांच्या कामगारांना आक्रमक परदेशी वनस्पती काढायला शिकवतो. बाहेरच्या देशातून आलेली, इथे जिला खाणारं कोणी नाही आणि म्हणून जी इतरांना जगू देत नाही, ती आक्रमक. घाणेरी, रानमोडी, गाजर गवत, जलपर्णी. ज्या सुबाभळीखाली ती माणसं बसली होती, तीसुद्धा याच यादीतली.

लोकांना वाटतं, तण उपटायचं काय शिकायचं? पण घाणेरी नुसती वरून तोडली तर दुप्पट फुटते. गाजर गवत उघड्या हातांनी उपटलं तर कातडी सोलून निघते, आणि फुलल्यावर उपटलं तर आपणच त्याचं बी पेरत जातो. जलपर्णीची गोष्ट वेगळी. तिथे चुकीला दुसरी संधी नसते.

चाकणजवळच्या त्या कंपनीच्या मागच्या अंगाला जुनी दगडाची खाण होती. प्लॉट घेतला तेव्हा खाणीसकट घेतला. खाणीत पाणी साठलं होतं, ते झाडांना वापरायचे. काही वर्षांपूर्वी बाग करणाऱ्या कोणीतरी शोभेसाठी चार-पाच रोपं आणून सोडली. फुलं जांभळी, दिसायला सुरेख. ती जलपर्णी होती. मी गेले तेव्हा पाणी दिसतच नव्हतं. काठापासून काठापर्यंत हिरवंगार, कापलेल्या लॉनसारखं सपाट. त्यावर बगळे फिरत होते.

या सपाट थराला आम्ही मॅट म्हणतो. जलपर्णीच्या देठात हवेचे फुगे असतात, त्यामुळे ती तरंगते. तिची मुळं खाली लोंबतात आणि एकमेकांत गुंततात. गुंतून गुंतून त्यांची गादी बनते. गादीवर धूळ बसते, पाला कुजतो, त्यात आणखी गवत उगवतं. मग ती जमिनीसारखी दिसायला लागते. काही ठिकाणी एखादं पाऊल पेलतेही. तेच वाईट. जी गादी पहिल्या पावलाला फाटते ती माणसाला काठावरच शहाणं करते. जी दोन पावलं पेलते ती त्याला आत नेते.

आणि फाटलेली मॅट मिटते. माणूस ज्या भोकातून खाली जातो ते भोक वरून बुजतं. त्याला वर यायचं असेल तर डोक्यावर मुळांचं छप्पर असतं.

हे सगळं बोलून पटत नाही, याचा मला अनुभव होता. म्हणून माझ्या प्रॅक्टिकलची सुरुवात बांबूने व्हायची. वीस फुटी बांबू प्रत्येकाच्या हातात द्यायचा आणि काठावरून मॅटमध्ये खुपसायला सांगायचं. आधी तो थोडा अडतो, मग एकदम आत जातो. हात पाण्याला टेकतो तरी तळ लागत नाही. बांबू वर ओढला, की भोक डोळ्यांदेखत बुजतं. एवढंच. अठरा माणसांना दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर मॅटवर पाय ठेवलेला माणूस मी पाहिलेला नाही.

त्या दिवशी बांबू काठावरच राहिला.

हॉलमध्ये एसी होता. बरेच जण रात्रपाळी करून थेट ट्रेनिंगला आले होते. जेवणानंतर त्यांचे डोळे मिटत होते. मी स्लाइड दाखवत गेले. काठाकडून आत कापत जायचं, काम नेहमी होडीतून करायचं, एकट्याने करायचं नाही, काढलेली जलपर्णी पाण्यापासून लांब टाकायची, नाहीतर पहिल्या पावसात ती परत पाण्यात जाते. त्यातच एक ओळ होती: मॅटवर चालू नये.

त्या ओळीवर एक हात वर झाला. मागच्या रांगेतला, तिशी-पस्तिशीचा, किडकिडीत. नाव परमेश्वर. परभणीकडचा. तो म्हणाला, "मॅडम, कुत्रं चालतंय की त्याच्यावरून. परवा म्या बघितलं. मग मान्साला का न्हाई पेलायचं?"

सगळे हसले. मीही हसले. कुत्र्याचं वजन किती आणि तुमचं किती, असं काहीतरी मी म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. प्रश्न चांगला होता. त्या दिवसातला एकमेव खरा प्रश्न होता. काठावर असते तर मी बांबू त्याच्या हातात दिला असता.

चार वाजता बोरकर सरांचा फोन आला. बोरकर सर म्हणजे आमच्या संस्थेचे मालक. आमची सगळी मिळून आठ माणसं, पैकी सर एक. त्यांना इनामदारांनी फोन केला होता. ऑडिटवाल्यांना ट्रेनिंगची फाइल आजच बघायची होती. फॉर्म पूर्ण भरून द्या, असं सर म्हणाले.

फॉर्मवर प्रत्येक नावापुढे तीन रकाने असतात. थिअरी, प्रॅक्टिकल, तोंडी परीक्षा. मी म्हटलं, प्रॅक्टिकल झालं नाही.

"पुढच्या आठवड्यात होतंय ना?"

"होतंय."

"मग काय अडतंय? तारखेचाच फरक आहे. रकाना रिकामा दिसला तर त्यांचं ऑडिट अडकेल, आणि पुढचं काम आपल्याला मिळणार नाही."

मी अठरा नावांपुढे अठरा वेळा 'झाले' लिहिलं. खाली सही केली. कोणी माझा हात धरून लिहून घेतलं नाही. मला त्यात फार गैरही वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात होणारच होतं, आणि हॉलच्या दारात गाडी उभी होती. संध्याकाळी सर्टिफिकेटं छापून झाली. इनामदारांनी ती एकेकाला बोलावून, हात मिळवून दिली. फोटो निघाले.

पुढच्या आठवड्यात मी फोन केला. इनामदार मीटिंगमध्ये होते. त्यानंतरच्या आठवड्यात एक मेल टाकला. उत्तर आलं, की शटडाउन आहे, नंतर कळवतो. मग मला निगडी प्राधिकरणात बागेतल्या बायकांचं गाजर गवताचं ट्रेनिंग लागलं. तिथे एकीच्या हातावर भाजल्यासारखे चट्टे होते, तिला दवाखान्यात न्यायचं होतं, हातमोजे मिळवायचे होते. खाणीचं मागे पडलं. खाणीतलं काम, कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदाराने तोवर सुरू केलं होतं, हे मला कोणी कळवलं नाही. मीही विचारलं नाही.

दत्ता मुकादमाचा फोन आला तेव्हा मी त्याच बागेत होते. दत्ता चाकणजवळच्याच जुन्या गावचा. एरवी मोठ्या आवाजात बोलणारा माणूस. त्या दिवशी त्याचं बोलणं मला कान देऊन ऐकावं लागलं. "मॅडम, या तुमी. परमेश्वर गेला. मॅटमदी गेला. अजून घावला न्हाई."

मी पोचले तेव्हा अग्निशमन दलाची माणसं पाण्यात होती. घडलं ते असं. सकाळी जलपर्णी ओढायची जाळी आतल्या बाजूला एका बुडलेल्या झाडाला अडकली. होडी पलीकडच्या काठाला होती, ती वळवून आणायला वेळ लागला असता. परमेश्वर म्हणाला, मी सोडवून येतो, चार पावलांवर तर आहे. लाइफ जॅकेटं शेडमध्ये होती. होडीतल्या दोघांनीच ती घालायची, असा समज झाला होता.

"पाय टाकला," दत्ता म्हणाला. "पेललं. दुसरा टाकला. आमच्याकडं बघून हसला बी, मॅडम. मंग न्हाई."

ओरडल्याचा आवाज आला नाही म्हणे. दोघं काठावरून धावले, एकाने दोर फेकला. पण दोर फेकायचा कुठे?

तिथे उभी राहून मी दत्ताला आणि आणखी दोघांना विचारलं, तो नेमका कुठे गेला? तिघांनी तीन जागा दाखवल्या. तिघंही खरं बोलत होते. हिरवा थर जसाच्या तसा होता, कुठेही एक पानदेखील मोडलेलं दिसत नव्हतं. जांभळी फुलं वाऱ्याने हलत होती. अग्निशमनवाले कोयत्यांनी मॅट कापत होते, आणि कापलेला भाग त्यांच्या मागे मिटत होता. मी त्यांना काठाकडून पट्टे कापून बाहेर ओढायला सांगितलं. त्यांनी ऐकलं. दुपारी परमेश्वर सापडला. तिन्ही जागांपासून लांब, खडकाच्या कडेला. त्याच्या मुठीत मुळं होती.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या कॉन्फरन्स रूममध्ये बैठक झाली. कंपनीची माणसं, कंत्राटदार, बोरकर सर आणि मी. इनामदारांनी त्यांच्या अहवालाचा मसुदा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: सदर कामगार पूर्ण प्रशिक्षित असून त्याने दिलेल्या सूचनांकडे दुर्लक्ष केले. जोडपत्र म्हणून माझा फॉर्म होता.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. सही तुमचीच ना, असं विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही. चहा आला. मी तो प्यायले.

परतीच्या वाटेवर, कासारवाडीच्या सिग्नलला गाडी थांबलेली असताना बोरकर सर समोर बघत म्हणाले, "प्रॅक्टिकल झालं असतं तर तो गेलाच नसता, असं छातीवर हात ठेवून सांगू शकाल?"

मी म्हटलं, नाही.

"मग झालं तर. गेलेला माणूस परत येत नाही. मागे आठ जणांची घरं आहेत, तुमचं धरून."

सर वाईट नाहीत. त्यांनी माझ्या मुलीच्या आजारपणात मला दोन महिने घरून काम करू दिलं होतं. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. परमेश्वर हट्टी असू शकतो, बांबू खुपसूनही तो गेला असता, कोण सांगणार? दोन दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. नवरा म्हणाला, वकिलाला विचारल्याशिवाय तोंड उघडू नकोस. वकिलांनी गप्प बसायला सांगितलं. सगळ्यांचं एकमत होतं.

मेदनकरवाडीत परमेश्वरची एक खोली होती. मी तिथे का गेले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. गावाकडून माणसं आली होती, बाहेर सतरंजीवर बसली होती. त्याची बायको सुमन आत भिंतीला टेकून बसली होती. दत्ता माझ्याबरोबर होता. या ट्रेनिंगच्या मॅडम, असं त्याने सांगितलं.

तिने माझ्याकडे वर पाहिलं. "तुमीच का त्या? त्येंनी सांगितलं होतं. मॅडमनं सरटिफिकेट दिलं म्हनून."

सर्टिफिकेट भिंतीवर होतं. त्याने ते लॅमिनेशन करून आणलं होतं, देवाच्या फोटोशेजारी खिळा ठोकून लावलं होतं. कंपनीत माळी म्हणून पर्मनंट व्हायला त्याचा उपयोग होईल, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. शाळेनंतर त्याच्या नावाचा छापील कागद तो तेवढाच, असं तिच्या बोलण्यातून कळलं.

मग ती म्हणाली, "कंपनीचा मानूस आला होता. म्हनला, त्येला सगळं शिकिवलं होतं, त्यो ऐकला न्हाई. चूक त्येचीच. मॅडम, त्यो ऐकत न्हवता का?"

 दत्ता खाली बघत होता. तोही त्या दिवशी खाणीवर होता, माणसं त्यानेच उठवली होती.

"ऐकत होता," मी म्हटलं. "प्रश्नसुद्धा त्यानेच विचारला होता. मी उत्तर नीट दिलं नाही."

मला आणखी बोलायचं होतं, पण तिथे तेवढंच बोलता आलं. ते तिला कितपत कळलं, माहीत नाही. तिने मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

सरकारी निरीक्षकांनी पुढच्या सोमवारी जबाबाला बोलावलं. आदल्या दिवशी मी इनामदारांना फोन केला. मागून वार करते आहे, असं त्यांना वाटू नये, एवढंच मनात होतं. मी काय सांगणार आहे, ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, ते मी थांबवलं होतं. वरून फोन होता, पण थांबवलं मी. हे तुम्ही सांगणार?"

"सांगावं लागेल. आणि लिहिलं मी, हेही."

"माझी पेन्शन नाही हो, मॅडम," ते म्हणाले. मग सावकाश फोन ठेवला. त्यांच्यावर राग धरणं मला सोपं गेलं असतं. ते त्यांनी होऊ दिलं नाही.

निरीक्षक पन्नाशीचे होते. टेबलावर माझा फॉर्म ठेवलेला होता. ते स्वतः हाताने जबाब लिहीत होते.

"अक्षर तुमचं?"

"हो."

"सही तुमची?"

"हो."

"म्हणजे मयताचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग झालं होतं."

"नाही."

त्यांनी पेन थांबवलं. फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, नीट विचार करा. हे लिहिलं की तुमचीच नोंद खोटी ठरते. त्याचं जे काय व्हायचं ते होतं."

"लिहा," मी म्हटलं. "कोणाचंच झालं नव्हतं. अठराच्या अठरा नोंदी खोट्या आहेत."

मग मी सगळं सांगितलं. ऑडिट, हॉल, चार वाजताचा फोन, बांबू. बांबूचं त्यांना समजेना. कागदावर चित्र काढून दाखवलं. ते चित्र त्यांनी जबाबाला जोडून घेतलं. निघताना त्यांनी विचारलं, उरलेले सतरा जण अजून तिथेच काम करतात का? तो प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. काम बंद आहे, असं मी म्हटलं. त्यांनी त्याच संध्याकाळी लेखी आदेश काढून ते बंदच राहील असं केलं.

त्यानंतर जे झालं ते असं. शेवटच्या अहवालात परमेश्वरच्या चुकीचं ते वाक्य राहिलं नाही. त्याच्या जागी लिहिलं गेलं, की कामगाराला पाण्यावरील कामाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण देण्यात आलेलं नव्हतं. कंपनीवर आणि कंत्राटदारावर कारवाई झाली. इनामदारांना आधी दुसऱ्या प्लँटला पाठवलं, काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. वरून फोन करणाऱ्याचं नाव कोणत्याच कागदावर आलं नाही. दत्ताने सुरुवातीला काही आठवत नाही म्हणून सांगितलं, मग एके दिवशी आपणहून जाऊन त्याने जबाब बदलला. त्याचं मुकादमपण गेलं. तो आता भोसरीत टेम्पो चालवतो.

आमच्या संस्थेला त्या पट्ट्यातल्या कंपन्यांची कामं मिळेनाशी झाली. बोरकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं आणि राजीनामा मागितला. मी तो लिहूनच नेला होता. आठ जणांपैकी तिघांना त्या वर्षात जावं लागलं. त्यांतली एक माझी विद्यार्थिनी होती. ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

अहवालाची प्रत घेऊन मी सुमनकडे गेले होते. गावी परत जायची तिची बांधाबांध चालली होती. मी वाक्य वाचून दाखवलं. चूक त्याची नव्हती, हे आता सरकारी कागदावर आहे, म्हटलं. तिने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि घडी घालून ट्रंकेत ठेवला.

"मंग तुमी लिवलं कशाला, झालं म्हनून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ऑडिट, फाइल, पुढचं काम, यातलं काहीही तिच्यासमोर उच्चारण्यासारखं नव्हतं.  थोड्या वेळाने तिने पुन्हा भांडी बांधायला घेतली, आणि मी निघाले.

खाणीचं म्हणाल तर चौकशी संपेपर्यंत काम बंद होतं. तोवर फुलं येऊन गेली, बी गळून तळाच्या गाळात बसलं. ते बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. मध्यंतरी कामानिमित्त त्या रस्त्याने गेले, तेव्हा कुंपणाच्या जाळीतून पाहिलं. मॅट पुन्हा काठापासून काठापर्यंत आहे. आता तिथे पत्र्याची पाटी लावली आहे, धोका म्हणून. कुत्री मॅटवरून फिरतात.

मी अजून हेच काम करते. एकटीने, छोट्या सोसायट्यांसाठी, बागांसाठी. जलपर्णीचं ट्रेनिंग पाण्याकाठीच द्यायचं, आणि पाण्याकाठी जाता येणार नसेल तर ट्रेनिंग झालं नाही असं लिहून परत यायचं, एवढा एक नियम केला आहे. त्यामुळे दोन ठिकाणची कामं गेली. खोटी नोंद केल्याबद्दल माझ्यावर खेडच्या कोर्टात केस आहे. तारखा पडतात, मी जाते. वकील म्हणतात, लांबेल.

ट्रेनिंग कसं द्यायचं हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या मुलांना मी सगळ्यात आधी फॉर्म दाखवते. त्यांना वाटतं, प्रत्येक रकाना भरायचाच असतो. तसं नाही. रकाना रिकामा ठेवता येतो. रिकाम्या रकान्यासाठी मला आजवर कोणी कोर्टात उभं केलेलं नाही.